सुहागा, सवागी आणि बोरोफीन

उर्दूच्या तासाला मी वाक्प्रचार शिकवत होतो. ‘सोने पे सुहागा’ आला. मराठीत याला ‘दुधात साखर’ म्हणतात, एवढे सांगून पुढे निघालो, तर मोखाड्याकडचा एक मुलगा उठला. ‘‘सर, साखर ठाऊक आहे. पण सुहागा म्हणजे काय?’’

माझ्याकडे उत्तर नव्हते. इतकी वर्षे हा वाक्प्रचार शिकवला, पण सुहागा कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

त्या शनिवारी जव्हारच्या बाजारात एका सोनारकाकांकडे गेलो. त्यांनी डबीतली पांढरी पूड दाखवली. ‘‘ही सवागी. वैद्य टाकणखार म्हणतात.’’ चांदीचा दागिना जोडताना सांध्यावर ती टाकली की आचेने वितळते, धातूवरचा मळ स्वतःत ओढून घेते आणि जोड घट्ट बसतो. सुहागा तो हाच.

ही पूड फार लांबून यायची. तिबेटच्या आणि लडाखमधल्या पुगाच्या परिसरात ती जमिनीवर साठते. मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर छोट्या पिशव्या लादून व्यापारी ती हिमालय ओलांडून खाली आणत. नावेही तिच्याबरोबर फिरली. संस्कृतात टंकण, फारसीत तिनकार. अरबीत अशा क्षारांना बौरक म्हणत, त्यावरूनच युरोपात ‘बोरॅक्स’ झाले. इराणमधल्या रय शहरचे हकीम अल-राझी (इ.स. 865 ते 925) यांनी खनिजांचे सहा वर्ग पाडले. त्यातला एक वर्ग बौरकांचा होता.

इथे आपल्याला एक मोह होतो. ‘पाहा, बोरॉन आमच्या हकिमांनीच शोधले!’ असा संदेश पुढे ढकलावासा वाटतो. पण ते खरे नाही. त्या काळी बौरक या एका नावाखाली अनेक वेगवेगळे क्षार येत. त्यांच्या आत कोणते मूलद्रव्य आहे, हे कुणालाच माहीत नव्हते. ते कळले 1808 साली. पॅरिसमध्ये गे-ल्युसॅक व थेनार यांनी आणि लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी बोरॉन वेगळे केले, तेही पूर्ण शुद्ध नव्हते. अल-राझींचे मोठेपण दुसऱ्या गोष्टीत आहे. त्यांनी वस्तू हातात घेऊन, तापवून, पारखून त्यांची प्रतवारी लावली. त्यांचा वारसा सांगायचा तर ही सवय सांगावी.

याच सवयीने पुढची पायरी गाठली. 2004 मध्ये कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा, ग्रॅफीन, वेगळा झाला. ग्रॅफाइटचे थर मुळातच एकावर एक रचलेले असतात, त्यामुळे चिकटपट्टीनेही ते सोलता आले. बोरॉनला असे थरच नाहीत. बंध जुळवायला कार्बनकडे चार इलेक्ट्रॉन असतात, बोरॉनकडे तीनच. म्हणून त्याचा पापुद्रा सोलता येत नाही, आधार देऊन वाढवावा लागतो.

हा आधार झाली चांदी. डिसेंबर 2015 मध्ये अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेतील चमूने हे काम प्रसिद्ध केले. निर्वात पात्रात चांदीचा अतिशय स्वच्छ पृष्ठभाग सुमारे 450 ते 700 अंश सेल्सिअसपर्यंत तापवला आणि त्यावर बोरॉनची वाफ सोडली. चांदीशी बोरॉनचे संयुग सहसा बनत नाही. अणू पृष्ठभागावर सरकत गेले आणि त्यांची एकपदरी चादर तयार झाली. चांदीकडून थोडे इलेक्ट्रॉन मिळाल्याने बोरॉनची उणीवही भागली. हे बोरोफीन. ढेकळाच्या रूपातले बोरॉन अर्धवाहक असते, ही चादर मात्र धातूसारखी वीज वाहते. बीजिंगच्या चमूनेही त्याच सुमारास चांदीवरच ती वाढवली. पुढे 2019 मध्ये तांब्यावर आणखी मोठे स्फटिक मिळाले. मोठी अडचण हवेची आहे. उघड्यावर बोरोफीनचे ऑक्सिडीकरण होते, त्यामुळे ते रोजच्या वापरात यायला वेळ आहे.

सोनारकाकांच्या दुकानातही चांदी आणि बोरॉनच भेटतात. तिथेही पहिली अट एकच, पृष्ठभाग स्वच्छ हवा.

सोमवारी चिमूटभर सवागी कागदाच्या पुडीत बांधून वर्गात नेली. ती त्या मुलाच्या हातावर ठेवली आणि सर्वांसमोर म्हणालो, ‘‘परवा मला हे माहीत नव्हते.’’ माझ्या मते त्या दिवशीचा खरा धडा तोच होता.