थर्माकोलचे मणी आणि शिंपल्याचं पोट

आज बातमी नाही, थोडा इतिहास.

१९५९ साली १२ देशांनी अंटार्क्टिका करारावर सह्या केल्या. तिथे लष्कराचे तळ नकोत, शांततेत संशोधन करा, असं ठरलं. आपली पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्यातून निघाली आणि १९८३ मध्ये भारतही करारात आला. पुढे १९९१ मध्ये माद्रिदला पर्यावरणाचा जोडकरार झाला आणि १९९८ पासून तो लागू आहे. त्यातलं एक कलम वाचून मी चाटच पडलो. पॅकिंगमधले थर्माकोलचे मणी तिकडे न्यायलाच बंदी! प्लॅस्टिकचा जवळजवळ सगळा कचराही परत उचलून आणायचा. आपल्या राज्यात प्लॅस्टिकबंदी आली २०१८ मध्ये.

म्हणजे तिथला समुद्र स्वच्छ असणार, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

२००४ मध्ये ब्रिटनच्या रिचर्ड थॉम्पसन यांनी १९६० च्या दशकापासून जपून ठेवलेले समुद्राचे जुने नमुने तपासले. त्यात प्लॅस्टिकचे बारीक धागे निघाले आणि काळाच्या ओघात ते वाढलेले दिसले. टाकीत ठेवलेल्या समुद्री किड्यांनी असे कण बिनदिक्कत गिळले. ‘मायक्रोप्लॅस्टिक’ हा शब्द तेव्हापासून रुळला.

मग २०२० मध्ये अंटार्क्टिकातल्या रॉस समुद्राचा अभ्यास आला. इटलीच्या तळाजवळच्या टेरा नोव्हा उपसागरात तळाशी राहणाऱ्या, पाठीचा कणा नसलेल्या १२ जातींचे प्राणी तपासले. ८३ टक्के जातींत प्लॅस्टिक सापडलं, त्यात बहुतांश नायलॉन. जे पाणी गाळून खातात आणि जे तळावरचं खरवडून खातात, त्यांच्यात ते शिकारी प्राण्यांपेक्षा ३ ते ५ पट जास्त होतं. साहजिकच आहे. वरून जे खाली येईल तेच त्यांचं जेवण, त्यात निवड कुठली करणार? आणि हा रॉस समुद्र २०१७ पासून संरक्षित क्षेत्र आहे!

नायलॉन म्हणजे कपडे, दोर, मासेमारीची जाळी. थर्माकोल दारात अडवता येतं, अंगावरच्या कपड्याचा धागा कोण अडवणार? कडक कायदा, मोजकी माणसं, तरी ही गत. मग आपल्या आठवडी बाजाराचं काय? येत्या बाजाराला किती पिशव्या नाल्यात जातात ते मोजा आणि आकडा खाली लिहा. तो घेऊन मी नगरपालिकेत जातो.