जुहू, पवई, ट्रॉम्बे : युनिक्सची कोणती दारे बंद करायची? #धागा

१/ जून १९९८. पोखरणच्या अणुचाचण्यांना महिनाही उलटला नव्हता. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत 'मिलवर्म' नावाची, निरनिराळ्या देशांतील तरुण हॅकरांची टोळी शिरली. ईमेल उतरवून घेतले गेले, संकेतस्थळावर अणुस्फोटाच्या ढगाचे चित्र झळकले. त्या वेळच्या बातम्यांत दोष आला तो 'सेंडमेल' या टपालवाहक प्रोग्रॅममधील त्रुटीवर.

२/ बारा वर्षांपूर्वी असे भय जवळजवळ नव्हते. १९८६-८७ मध्ये एर्नेट प्रकल्पात जुहूचे एनसीएसटी आणि पवईची आयआयटी साध्या टेलिफोन तारेने जोडली गेली. एका संगणकाने दुसऱ्याला फोन लावायचा, टपालाची देवाणघेवाण करायची, फोन ठेवायचा. त्यानंतर दोन्ही यंत्रे पुन्हा एकाकी!

३/ पुढे अखंड जोडणी आली आणि चित्र पालटले. युनिक्समध्ये 'आयनेटडी' नावाचा एक द्वारपाल असतो. बाहेरून हाक आली की तो योग्य त्या सेवेला जागे करतो. 'फिंगर' सांगे, यंत्रावर कोण बसले आहे. 'टेलनेट' दुरून काम करू देई, पण पासवर्ड तारेवरून उघडाच जाई. 'आरएसएच' तर विश्वासातल्या यंत्राला पासवर्डही विचारत नसे. या सेवा बहुधा आयत्याच चालू मिळत.

४/ या भोळेपणाची किंमत २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत कळली. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याचा 'वर्म' फिंगर, सेंडमेल आणि आरएसएच याच वाटांनी पसरला.

५/ उपाय दिसायला क्षुल्लक. /etc/inetd.conf या फाइलमध्ये नको त्या सेवेच्या ओळीपुढे # लावायचे आणि आयनेटडीला फाइल पुन्हा वाचायला लावायची. फिंगर गेले म्हणून कोणाचे अडत नसे. टेलनेटचे मात्र तसे नव्हते : ते बंद केले तर दूरच्या यंत्रापर्यंत चालत जाणे आले. १९९५ मध्ये फिनलंडमधून एसएसएच आले, तेव्हा कोठे सुरक्षित पर्याय मिळाला.

६/ आणि सेंडमेल? टपाल घेणारे यंत्र ते बंद करूच शकत नाही. फार तर टपालाचे काम एकाच यंत्राकडे सोपवावे, उरलेल्यांवर ते थांबवावे, आणि त्या एका यंत्रावरील आवृत्ती सतत अद्ययावत ठेवावी. ट्रॉम्बेच्या प्रकरणात चर्चेत आलेले दार नेमके याच जातीचे होते.