थांबलेल्या चेंडूचे मास्तर

मंडळी, विषय वाचून आमच्या नात्यातल्या काहीजणांना वाटेल की म्हाताऱ्याला आता या वयात फुटबॉलचं वेड लागलं. तसं नाही. वेड जुनंच आहे. ज्याचं बालपण कोल्हापुरात गेलं आणि ज्यानं शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पेठापेठांच्या तालमींचे सामने पाहिले, त्याला हे वेड वेगळं लावून घ्यावं लागत नाही. नवीन आहे तो फक्त टीव्हीवरचा विलायती फुटबॉल, आणि तो आमच्या नातवामुळे.

हा नातू आर्सेनलवाला. आमच्या काळी पोरं गोल झाला की ओरडायची, हा कॉर्नर मिळाला की ओरडतो. एकदा मी विचारलं, "अरे, अजून काहीच झालं नाही, आनंद कसला?" तर म्हणाला, "आजोबा, थांबा. ते बघा, ते उठले." मैदानाच्या कडेला मुख्य प्रशिक्षक मागे सरले होते आणि दुसराच एक माणूस पुढे येऊन हातवारे करत होता. "हे कोण?" "हे कॉर्नरचे सर!"

कॉर्नरचे सर! मी चाळीस वर्षं शाळेत काढली. गणिताचे सर, चित्रकलेचे सर, कवायतीचे सर पाहिले, पण हे पद ऐकलं नव्हतं. मग सवयीप्रमाणे मागे मागे जात राहिलो (इतिहास शिकवल्याचा हा एक तोटा) आणि जे हाती लागलं ते तुम्हाला सांगतो.

मुळात चेंडू थांबवून पुन्हा सुरू करायचे हे सगळे प्रकार, म्हणजे कॉर्नर, फ्री किक, थ्रो-इन, पेनल्टी, यांना मिळून सेट पीस म्हणतात. १८६३ साली इंग्लंडमध्ये फुटबॉलचे नियम पहिल्यांदा एकत्र लिहिले गेले तेव्हा आजच्यासारखा कॉर्नर त्यात नव्हताच. तो शेफिल्डच्या मंडळींच्या नियमांतून आला आणि १८७२ मध्ये सर्वांनी स्वीकारला. पेनल्टी तर १८९१ ची, आणि ती सुचवणारा विल्यम मॅक्रम हा आयर्लंडमधला एक गोलरक्षक! ज्याच्यावर संकट यायचं त्यानंच ते सुचवलं. १९२४ मध्ये कॉर्नरवरून थेट मारलेला गोल ग्राह्य धरायचं ठरलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अर्जेंटिनाच्या सेझारिओ ओन्झारीनं उरुग्वेविरुद्ध तसा गोल करूनही दाखवला. उरुग्वे तेव्हा नुकतंच ऑलिंपिक जिंकून आलेलं, म्हणून अशा गोलाला तिकडे 'ऑलिंपिक गोल' हे नाव पडलं ते आजतागायत.

युक्त्या तर फार पूर्वीपासून होत्या. लीड्सचा उंचापुरा जॅक चार्ल्टन कॉर्नरच्या वेळी प्रतिस्पर्धी गोलरक्षकाच्या नाकासमोर जाऊन उभा राही. १९७० मध्ये कॉव्हेंट्रीच्या विली कारनं चेंडू दोन टाचांमध्ये पकडून मागच्या मागे उडवला आणि अर्नी हंटनं तो हवेतच मारून गोल केला. प्रेक्षक वेडे झाले, पण नियमवाल्यांनी पुढे ती युक्तीच बाद ठरवली. १९७४ च्या विश्वचषकात पूर्व जर्मनीच्या भिंतीत ब्राझीलचा जैरझिन्हो घुसून उभा राहिला, ऐन वेळी खाली वाकला, आणि तो गेला त्याच खिंडारातून रिव्हेलिनोनं चेंडू जाळ्यात घातला. आपल्याकडच्या तटबंदीच्या गोष्टींत शोभावं असं!

पण ही सगळी हुशारी सुटी सुटी. कुणाला तरी सुचायचं, एकदा लागू पडायचं, मग विसरलं जायचं. त्याचा रोजचा अभ्यास कुणी घेत नव्हतं. ती कल्पना जिथून आली ते मला सर्वांत आवडलं, म्हणून जरा विस्तारानं सांगतो.

इटलीत व्हेनिसच्या बाजूला जियानी विओ नावाचे एक गृहस्थ बँकेत नोकरीला होते. मोठे खेळाडू वगैरे कधीच नव्हते. बँक सांभाळून छोट्या छोट्या संघांना शिकवायचे. त्यांच्या डोक्यात एकच किडा. सामन्यातले जवळजवळ तीस टक्के गोल थांबलेल्या चेंडूवरून होतात, मग सरावाचा तेवढा वेळ आपण त्याला का देत नाही? एका मानसशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन त्यांनी यावर पुस्तकच लिहिलं. वॉल्टर झेंगा हा एकेकाळचा इटलीचा नावाजलेला गोलरक्षक, तो कॅटानिया संघाचा प्रशिक्षक असताना त्यानं २००८ मध्ये या बँकवाल्याला बोलावून घेतलं. लोक हसले असणारच. त्याच मोसमात तोरिनोविरुद्ध फ्री किकच्या वेळी कॅटानियाच्या एका खेळाडूनं गोलरक्षकासमोर चक्क अर्धी चड्डी खाली ओढली, त्याची नजर अडली आणि गोल झाला! (ही युक्ती मी कोणत्याही शाळेला सुचवणार नाही.) चेष्टेचा भाग सोडा, पण हेच विओ पुढे इटलीच्या राष्ट्रीय संघाबरोबर होते. ११ जुलै २०२१ ला वेम्बलीवर युरो चषकाचा अंतिम सामना झाला. इंग्लंडनं दुसऱ्याच मिनिटाला गोल केलेला. बरोबरी कशावरून झाली? कॉर्नरवरून. गोलच्या तोंडाशी धुमश्चक्री झाली आणि बोनुचीनं चेंडू आत ढकलला. पुढे पेनल्टींवर इटली जिंकली.

दुसरा धागा डेन्मार्क आणि लंडनचा. मॅथ्यू बेनहॅम हा पैजांच्या धंद्यातला हिशेबी माणूस. लंडनचा ब्रेंटफर्ड हा छोटा क्लब त्याच्या ताब्यात आला आणि २०१४ मध्ये डेन्मार्कचा मिट्यूलँडही. मोठ्या क्लबांएवढा पैसा आपल्याकडे नाही, मग ते जिथे लक्ष देत नाहीत तिथे आपण लक्ष घालायचं, हा त्याचा सरळ हिशेब. मिट्यूलँडनं सेट पीसवर मेहनत घेतली आणि २०१५ मध्ये इतिहासात पहिल्यांदाच देशाचं विजेतेपद मिळवलं. ब्रेंटफर्डला विओ आले, मग फ्रान्सहून निकोलस जोव्हर आले. हे जोव्हर म्हणजेच आमच्या नातवाचे 'कॉर्नरचे सर'. २०१६ ते २०१९ ब्रेंटफर्ड, मग मँचेस्टर सिटी, आणि २०२१ पासून आर्सेनल, असा त्यांचा प्रवास.

आणि थ्रो-इनचे सर तर आणखी मजेदार. थॉमस ग्रोनेमार्क हा डेन्मार्कचा धावपटू, बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीतही उतरलेला. २०१० मध्ये त्यानं थ्रो-इन ५१.३३ मीटर लांब फेकून विश्वविक्रम केला. २०१८ मध्ये लिव्हरपूलच्या क्लॉपनं त्याला नेमलं तेव्हा जुन्या खेळाडूंनी टीव्हीवर बसून टर उडवली. थ्रो-इन काय शिकवायचा, दोन हातांनी फेकायचा! पण त्याचं शिकवणं लांब फेकण्यापुरतं नव्हतं. एका सामन्यात चाळीस-पन्नास वेळा चेंडू असा हातानं आत येतो, आणि निम्म्या वेळा तो आपण समोरच्याला देऊन टाकतो. मोकळी जागा कशी तयार करायची आणि तिथे नेमका चेंडू कसा टाकायचा, हे त्यानं शिकवलं. लांब थ्रोचा धाक तर २००८ मध्येच स्टोक सिटीच्या रॉरी डिलॅपनं दाखवला होता. शाळेत असताना भालाफेकीत पटाईत असलेला हा गडी चेंडू थेट गोलसमोर फेकायचा. थ्रो-इनला ऑफसाइड नसतो, त्यामुळे बचाव करणाऱ्यांची पंचाईत व्हायची. त्या नोव्हेंबरात बलाढ्य आर्सेनलला स्टोकनं २-१ असं हरवलं, आणि दोन्ही गोल डिलॅपच्या थ्रोवरून.

तर मुद्दा असा की या मास्तरांची किंमत किती? शंभर कॉर्नरमागे जेमतेम तीन-चार गोल होतात. ऐकायला क्षुल्लक. पण गोलच इतके कमी होतात की वर्षभरात पाच-सात जादा मिळाले तर गुणतक्ता बदलतो. २०१८ च्या विश्वचषकात इंग्लंडनं उपांत्य फेरी गाठली तेव्हा त्यांच्या १२ गोलांपैकी ९ सेट पीसवरून होते, पेनल्टी धरून. त्यांचे प्रशिक्षक साउथगेट बास्केटबॉल बघून आले होते, की गर्दीत एकमेकांच्या आडोशानं मोकळं कसं व्हायचं. आर्सेनलनं २०२३-२४ च्या मोसमात लीगमध्ये ९१ गोल केले, त्यातले १६ कॉर्नरवरचे. राइस किंवा साका चेंडू आत वळवून टाकणार, बेन व्हाइट गोलरक्षकाच्या वाटेत घुटमळणार, आणि मागून गॅब्रियल धावत येऊन डोकं लावणार. सगळ्या जगाला पाठ झालंय तरी अडवता येत नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. त्या वर्षी आर्सेनल दुसरंच आलं, मँचेस्टर सिटीपेक्षा दोन गुणांनी मागे. आणि खुद्द विओ २०२२ मध्ये टॉटनहॅमला गेले, तर त्या मोसमात टॉटनहॅम आठवं आलं. व्याकरणाचा तास चांगला झाला म्हणून निबंध चांगला होतोच असं नाही. शिवाय गॅब्रियलसारखा उंच गडी आणि राइससारखा पाय संघात नसेल तर सर काय करणार? काहीजण म्हणतात या धक्काबुक्कीनं खेळाचं सौंदर्य गेलं. गोलरक्षकाभोवती चाललेली ओढाओढ मलाही बघवत नाही. तिथे पंचांनी शिट्टी वाजवावी. पण आखलेला कॉर्नर कुरूप असतो हे मात्र मला पटत नाही. ७ मे २०१९ ला लिव्हरपूलनं बार्सिलोनाला ४-० नं हरवलं, त्यातला शेवटचा गोल आठवा. बार्सिलोनाचे खेळाडू खेळ थांबला की बेसावध होतात हे लिव्हरपूलच्या अभ्यासकांनी आधी टिपून ठेवलं होतं, आणि चेंडू परत देणाऱ्या पोरांनाही घाई करायला सांगितलं होतं. अर्नॉल्डनं पाठ फिरवल्यासारखं केलं, झटकन कॉर्नर घेतला आणि ओरिगीनं गोल केला. निम्मा संघ दुसरीकडे बघत होता!

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. हे घरात कुणाला सांगितलेलं नाही.

ऐंशीच्या दशकात एका शाळेत असताना मुलांचा फुटबॉल संघ माझ्याकडे होता. आमच्याकडे सुतारकामाचे एक शिक्षक होते. जन्मात चेंडूला पाय लावला नसेल, पण रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभे असायचे. एक दिवस त्यांनी शिक्षकांच्या खोलीत टेबलावर चिंचोके मांडले. म्हणाले, "सर, कॉर्नरला आपली सगळी पोरं एकाच जागी गोळा होतात बघा. हा इथनं पळाला, यानं त्याला आडवं जायचं, तर हा तिसरा मोकळा सुटतोय." मोजून मापून सांगत होते. मी सगळ्यांदेखत हसलो. म्हणालो, "अहो सर, कॉर्नर म्हणजे नशिबाचा खेळ. तुम्ही आपलं पाट-चौरंगाचं बघा." सगळे हसले. तेही हसले, आणि चिंचोके गोळा करून खिशात टाकले. पुन्हा कधी मैदानाकडे आले नाहीत.

त्या वर्षी तालुक्याच्या अंतिम सामन्यात आम्हाला अकरा कॉर्नर मिळाले. मी मोजले होते. एकही गोल झाला नाही, आणि आम्ही एका गोलानं हरलो. चिंचोके मांडून सराव केला असता तर जिंकलो असतो असं म्हणत नाही, वरचा तीन-चार टक्क्यांचा हिशेब मीच दिलाय. पण ज्यानं स्वतः खेळलं नाही त्याला काय कळणार, हे मी त्या दिवशी ठरवून टाकलं होतं. विओंबद्दल वाचताना मला व्हेनिसची बँक दिसेना, तो रंध्याचा भुसा लागलेला सदरा दिसायला लागला. सर पुढे बदलून गेले आणि काही वर्षांपूर्वी वारले. त्यांना मी 'चुकलो' असं कधी म्हटलं नाही.

जून २०२५ मध्ये ब्रेंटफर्डनं आपला नवा मुख्य प्रशिक्षक नेमला, कीथ अँड्र्यूज. आदल्या वर्षी ते त्याच क्लबात सेट पीसचे प्रशिक्षक होते. ही बातमी नातवानं मला वाचून दाखवली आणि विचारलं, "आजोबा, तुमच्या शाळेत होते का हो असे कुणी?"

म्हटलं, होते. आणि स्वयंपाकघरातून चिंचोके आणायला सांगितले. हल्ली चिंच सोललेलीच आणतात म्हणे, मिळाले नाहीत. शेवटी राजमा मांडला.