शाळेची धुरा आणि शिक्षकाचें काम

नरसिंहपुरापाशीं नीरा भीमेस मिळते, आणि त्या नीरेंत वरच्या अंगास कऱ्हेचें पाणी मिसळलेलें असतें. त्याच कऱ्हेकांठच्या मोरगांवीं १९१० सालीं अनुताई वाघ जन्मल्या. तेराव्या वर्षीं विवाह व सहा महिन्यांत वैधव्य. तरी त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि पुण्याच्या हुजूरपागेंत त्यांनीं कित्येक वर्षें शिकविलें. शाळेचा क्रम बदलतो तेव्हां शिक्षकाच्या कामाचें काय होतें, हा प्रश्न धर्मग्रामांच्या शाळांसही चुकलेला नाहीं. म्हणून त्यांची हकीगत या स्मरणिकेंत आम्ही मुद्दाम देत आहों.

१९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं ठाणें जिल्ह्यांत बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचें काम केलेल्या या बाईंनीं तेव्हां पन्नाशी ओलांडली होती. अनुताई त्यांच्या हाताखालीं आल्या. परंतु शहरांतील बालमंदिराची रीत खेड्यांत चालेना. माँटेसरी पद्धतीचीं साधनें महाग, आणि गरिबांचीं मुलें तर दारापर्यंतही येईनात. अशा प्रसंगीं चालक बहुधा शिक्षकांकडे हजेरीचा जाब मागतात (हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नसावा). ताराबाईंनीं पद्धतच बदलली. मूल येत नाहीं, तर शाळेनें त्याच्या अंगणांत जावें, असें ठरलें व अंगणवाडी निघाली. शिंपले, खडे, बिया, पानें हींच साधनें झालीं. १९५७ सालीं केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथील वारली मुलें गुरें राखीत. तेव्हां कुरणावरच शाळा भरूं लागली.

या सर्व खटाटोपांत अनुताईंच्या वांट्यास केवळ हुकूम आले नाहींत. नवी वाट शोधण्यांत त्यांचाही हात होता. पन्नाशीच्या सुमारास त्यांनीं पदवी घेतली, ती उमेद अशा सहवासांतच टिकते असें आम्हांस वाटतें. १९७३ सालीं ताराबाई निवर्तल्या, तरी कोसबाडचें काम थांबलें नाहीं. अनुताईंनीं तें १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत वाहिलें. १९७५ सालीं सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेच्या केंद्रांसही अंगणवाडी हेंच नांव मिळालें.

आज इंदापूर-बारामतीकडे तोडणीच्या हंगामांत परगांवचीं मुलें उसाच्या फडाकडेला दिसतात. नांव गांवच्या पटावर आणि मूल येथें! त्यांच्यासाठीं एखादी शिक्षिका वर्गाबाहेर पडूं म्हणेल, तर तिचा मुख्याध्यापक तिला काय उत्तर देईल?