पोलिओचा बूट

आमच्या पिढीच्या शाळेच्या फोटोत एक तरी मूल असं असायचंच. मागच्या रांगेत नाही, पुढे बसलेलं, आणि पाय शक्यतो कुणाच्या तरी आड. डोंबिवलीत, कल्याणात, ठाण्यात, कुठलीही शाळा घ्या. "पायाने अधू" एवढंच म्हणायचे. आज शाळेच्या गेटवर उभं राहून पाहिलं तर लोखंडी पट्ट्यांचा बूट दिसत नाही. हे आपोआप झालेलं नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझ्या मावसबहिणीला (आम्ही तिला नुसतं ताईच म्हणतो) १९६८ साली, दोन वर्षांची असताना ताप आला. चाळीजवळच्या डॉक्टरांनी कमरेखाली इंजेक्शन दिलं आणि दोन दिवसांनी पाय लुळा पडला. मावशी शेवटपर्यंत म्हणायची, "सुईने पाय नेला." त्या काळी घरोघरी हेच ऐकू यायचं आणि शिकलेली माणसं त्याला अडाणीपणा म्हणून हसायची.

पण तो निव्वळ अडाणीपणा नव्हता! पोलिओच्या विषाणूची लागण झालेल्या साधारण दोनशे मुलांत एखाद्यालाच लुळेपणा येतो. बाकीच्यांना थोडा ताप येतो, किंवा तेवढंही होत नाही. मात्र विषाणू शरीरात असताना स्नायूत सुई टोचली तर त्याच अवयवाला लुळेपणा येण्याचा धोका वाढतो, हे १९५०च्या आसपास ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. म्हणजे रोग सुईने दिला नाही, पण पाय कुठला जाणार यात सुईचा हात असू शकतो. मावशीचं अर्धं खरं होतं. सुई थेट नसेत शिरूनही पाऊल लुळं पडतं, पण तेव्हा पायाला बधिरपणाही येतो. पोलिओत स्पर्श शाबूत राहतो. ताईच्या त्या पायाला मुंगी चावली तरी कळायचं, फक्त पाय झटकता यायचा नाही.

खरी गंमत (कसली गंमत म्हणा) पुढे शाळेच्या वयात सुरू होते. पोलिओ मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. सगळे स्नायू सारखे जात नाहीत. पाऊल वर उचलणारे गेले आणि पोटरी राहिली, की पोटरी टाच ओढत राहते. मूल चवड्यावर चालतं, टाच जमिनीला टेकत नाही. एका बाजूचे गेले तर पाऊल आत किंवा बाहेर वळतं. मांडीचे गेले तर गुडघा दगा देतो, म्हणून मूल हाताने मांडी दाबत चालतं. त्यात हाडं वाढत असतात, आणि दुबळा पाय कमी वाढतो. म्हणजे आजार चार दिवसांचा, पण वाकडेपणा मुलाबरोबर दहा-बारा वर्षं वाढत जाणारा. कॅलिपर दर एक-दोन वर्षांनी आखूड होतं, नवं करावं लागतं. पाऊल स्थिर करणारी हाडांची शस्त्रक्रिया हाडं पुरेशी वाढल्यावरच, म्हणजे दहा-बारा वर्षांनंतर. तोवर थांबायचं.

हे सगळं करायचं कुठे? हाजी अलीला. तिथल्या संस्थेमागे एक आई आहे. स्वातंत्र्य चळवळीतल्या फातेमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. तिच्यासाठी मद्रासपर्यंत वणवण केल्यावर त्यांनी ठरवलं की मुंबईतच सोय हवी. १९४७ साली, डॉ. बालिगांच्या मदतीने त्यांनी दवाखाना सुरू केला. त्यातून अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था आणि हाजी अलीचं मुलांचं अस्थिरुग्णालय उभं राहिलं. (संस्थेच्या इंग्रजी नावात 'क्रिपल्ड' हा शब्द होता. आज कानाला बोचतो, तेव्हा कुणालाच बोचत नसावा.) १९५५ साली तिथेच केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही आली.

मुंबईकरांना हाजी अली म्हणजे जवळ. डोंबिवलीहून मात्र काकांच्या कडेवर ताई, मावशीच्या पिशवीत बूट, डोंबिवलीचा पूल चढा, दादरला उतरा, पुन्हा पूल, पश्चिम रेल्वेने महालक्ष्मी, आणि पुढे बस. काकांची रजा बिनपगारी असायची. सात वर्षांची मुलगी कडेवर घेतली की लोक बघतात, म्हणून ताई म्हणायची, "मला खाली ठेवा." गर्दीत कोण ठेवणार? पायाच्या व्यंगाच्या इतिहासात डॉक्टरांची नावं येतात, या पुलांची नाही. मला ते अन्यायाचं वाटतं.

सरकारी लसीकरणात पोलिओचे थेंब १९७९च्या सुमारास आले. ताईला त्याचा उपयोग नव्हता. ९ डिसेंबर १९९५ला पल्स पोलिओची पहिली देशव्यापी फेरी झाली, तेव्हा तिच्या मुलाचं वय तीनच्या आत होतं (पहिल्या वर्षी तीन वर्षांखालचीच मुलं होती, पाचची मर्यादा पुढच्या वर्षी आली). बूथवर ती रांगेत पहिली होती. पुढे दर फेरीला, बोटाला शाई लागलेली असली तरी ती शेजारच्या मुलांना हाताला धरून न्यायची. "परवाच तर दिला" म्हणणाऱ्या आयांशी वाद घालायची नाही. नुसती साडी घोट्याच्या वर उचलायची.

२००९ साली देशात ७४१ रुग्ण होते, २०१०मध्ये ४२. १३ जानेवारी २०११ला हावड्यात शेवटचा. २७ मार्च २०१४ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

मुलांची पावलं अजूनही वाकडी असतात, पण कारणं वेगळी. जन्मजात वळलेलं पाऊल पॉन्सेटी पद्धतीने, दर आठवड्याला प्लास्टर बदलत, बहुतेकदा मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय सरळ होतं. लवकर सुरू केलं, आणि नंतरचे बूट नेटाने घातले तर.

ताई आता साठीत आहे. इतकी वर्षं जास्तीचं काम केलेले स्नायू अशा लोकांत उतारवयात पुन्हा दमायला लागतात, तिचंही तसंच झालंय. तरुण डॉक्टरांना पोलिओ पुस्तकात वाचून माहीत. गेल्या महिन्यात एकाने तिला विचारलं, "आजी, अपघात कधी झाला होता?"

ती म्हणाली, "अडुसष्ट साली."