प्रवासविम्याचा सरकता अर्थ

आपल्याकडील जोखमी हुंडीत विम्याचे तत्त्व होते, परंतु ते मालापुरते. माल बंदरी सुखरूप पोचला तरच हुंडी देय होई. जहाज बुडाल्यास नुकसान हुंडी विकत घेणाऱ्याचे. प्रवाशाच्या देहाचा विमा ब्रिटनमध्ये आगगाडीबरोबर रूढ झाला. लंडनची रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅश्युरन्स कंपनी १८४९ पासून एकेका प्रवासापुरता विमा विकू लागली : अपघाती मृत्यू आल्यास पहिल्या वर्गास ३ पेन्समध्ये १,००० पौंड, दुसऱ्यास २ पेन्समध्ये ५००, तिसऱ्यास १ पेनीत २००. (प्राणाचे मोल डब्यावरून ठरावे, हे त्या समाजास साजेसेच!) भरपाई अर्थात वारसांना.

शेंगेन राष्ट्रांच्या २००४ पासूनच्या नियमाचा रोख निराळा आहे. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो, आणि त्यात तातडीचे उपचार, रुग्णालय व मायदेशी परत आणण्याचा खर्च अंतर्भूत असावा लागतो. फार्सीतून आलेला ‘विमा’ हा शब्द तोच राहिला. आशय मात्र मृत्यूच्या मोबदल्याकडून जिवंत माणसाच्या शुश्रूषेकडे सरकला. विदेशी सहलीस निघालेली कुटुंबे अद्याप पहिल्याच अर्थाने विमा निवडतात, असे मला वाटते. अपघाती मृत्यूची ठळक रक्कम त्यांना दिसते. सोबतच्या वृद्ध मातापित्यांची जुनी व्याधी करारातून वगळलेली आहे की नाही, हे कलम वाचावयाचे राहून जाते.