कीर्तीचे ओझे

श्रोतेहो, तुकोबांनी देवाजवळ लहानपण मागितले, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. पाठांतराच्या तासाला आपण तो अभंग म्हणतो, त्याचे गुणही मिळवतो. पण मनातून मात्र प्रत्येकाला मोठेपणच हवे असते. चार लोकांनी ओळखावे, रस्त्याने जाताना माना वळाव्यात, कुठेतरी नाव छापून यावे. यात गैर काही नाही, मनुष्यस्वभावच तो. मग तुकोबांसारखा जाणता माणूस लहानपण का मागतो? याचे उत्तर शोधायला देहूला जायला नको. आपल्या वर्धा शहरापासून सात-आठ किलोमीटरवर एका मातीच्या घरात ते सापडते.

मी इतिहास शिकवतो. दरवर्षी विद्यार्थ्यांना घेऊन सेवाग्रामला जातो. बापूकुटीसमोर उभे राहिले की एखादा तरी मुलगा विचारतोच, ‘‘एवढीशीच खोली होय सर?’’ मी म्हणतो, खोली एवढीशीच. पण त्या माणसाला एवढीशी खोलीसुद्धा एकट्याची मिळाली नाही. मुलांना वाटते, सर काहीतरी कोड्यात बोलतात. ते कोडे आज आपण सोडवू.

प्रथम थोडे मागे जाऊ. १९१५ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परत आले आणि त्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभमेळ्याला गेले. यात्रेकरूंची सेवा करावी, एवढाच विचार होता. पण आफ्रिकेतल्या लढ्याची कीर्ती त्यांच्या आधी तिथे पोचली होती. लोक दर्शनाला येऊ लागले. स्नानाला घाटावर गेले तरी मागे लोक, जेवायला बसले तरी समोर लोक. गांधीजींनी पुढे आत्मकथेत लिहून ठेवले आहे की या दर्शनाच्या वेडाने आपल्याला पुष्कळदा राग आला आणि त्याहून अधिक वेळा मनाला क्लेश झाले. ही फक्त सुरुवात होती, हे लक्षात घ्या.

पुढे असहकाराचे दिवस आले. गांधीजी रेल्वेने देशभर हिंडत. रात्री एक-दोन वाजता एखाद्या स्टेशनावर गाडी थांबली की शेकडो लोक डब्याला वेढा घालीत, जयजयकार करीत. बापडा झोपलेला माणूस उठून बसे. लोकांच्या मनात प्रेमच होते, पण त्या प्रेमाला दुसऱ्याच्या झोपेची फिकीर नव्हती. १९२० साली ‘यंग इंडिया’त गांधीजींनी या बेशिस्त गर्दीवर लेखच लिहिला आणि स्वयंसेवकांना शिस्त लावा, असे सांगितले. सोमवारचे त्यांचे मौन आपण सारे जाणतो. त्याला पुढे आध्यात्मिक अर्थ आला. पण मुळात लोकांच्या रेट्यातून थोडी विश्रांती मिळावी, लिहायला वेळ मिळावा, म्हणून ते सुरू झाले. माणसाला आपल्याच घरात निवांतपणा मिळवायला व्रत धरावे लागते, याहून कीर्तीचा जाच आणखी कोणता सांगावा?

पण झोपमोड ही किरकोळ गोष्ट झाली. खरा धोका निराळा आहे. माणूस प्रसिद्ध झाला की त्याचे नाव त्याच्या हातात राहत नाही. १९२१ च्या फेब्रुवारीत गांधीजी उत्तर प्रदेशात गोरखपूरला गेले. त्यांच्या येण्याच्या आगेमागे गावोगाव चमत्काराच्या कथा पसरल्या. गांधीजींचे नाव घेतले म्हणून हरवलेली वस्तू सापडली, कुठे विहिरीतून सुगंध आला. गांधीजींना यातले काही मान्य नव्हते. पण त्यांना विचारतो कोण? बरोबर एका वर्षाने, ४ फेब्रुवारी १९२२ रोजी, त्याच गोरखपूर जिल्ह्यात चौरीचौरा येथे पोलिसांच्या गोळीबारानंतर जमावाने पोलीस ठाणे जाळले. वीसहून अधिक पोलीस मेले. त्या जमावाच्या तोंडी जयघोष होता तो महात्मा गांधींचाच. अहिंसा शिकवणाऱ्याच्या नावाने माणसे जाळली गेली. गांधीजींनी आंदोलन थांबवले आणि पाच दिवस उपवास केला. चूक करणारे अनोळखी लोक, आणि प्रायश्चित्त घेणारा तो नावाचा धनी!

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १९३० साली दांडीला निघताना, स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीच्या आश्रमात परतणार नाही, असा निर्धार गांधीजींनी केला होता. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून ते वर्ध्याला आले. १९३४ मध्ये त्यांनी काँग्रेसचे सभासदत्वही सोडले. त्याची जी कारणे त्यांनी दिली त्यांत एक फार विचार करण्यासारखे आहे. माझ्यावरील निष्ठेपोटी पुष्कळ लोक आपले खरे मत मांडत नाहीत, असे त्यांना दिसून आले होते. म्हणजे मोठ्या माणसाच्या सावलीत इतरांची बुद्धी खुरटते. वडाखाली दुसरे झाड वाढत नाही, असे आपण म्हणतो. इथे हे त्या वडालाच उमगले होते.

मग त्यांनी ठरवले की एका खेड्यात जाऊन राहायचे. जमेल तर एकट्याने राहायचे. खेडे कोणते? वर्ध्याजवळचे शेगाव. वस्ती सहाशेच्या आसपास, बहुतेक दलित. धड रस्ता नाही, पावसाळ्यात चिखल. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तिथे गेले. विचार असा की गावची सफाई करावी, रोग्यांची शुश्रूषा करावी, गावकऱ्यांतला एक होऊन राहावे.

पण झाले काय? सुरुवातीला बांधलेल्या त्या एका घरात, ज्याला आज ‘आदिनिवास’ म्हणतात, हळूहळू माणसे वाढत गेली. कस्तुरबा आल्या, प्यारेलाल आले, खान अब्दुल गफार खान आले, आपले तुकडोजी महाराजही काही दिवस येऊन राहिले. सगळे एकाच खोलीत. नंतर गांधीजी मीराबेनच्या कुटीत राहायला गेले, तीच आजची बापूकुटी. तिथेही तीच गत. देशाचे पुढारी यायचे, परदेशी पाहुणे यायचे. १९३८ साली लॉर्ड लोथियन येथे मुक्काम करून गेले. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना केव्हाही बोलता यावे म्हणून या खेड्यात टेलिफोन बसला. ज्याला दिल्लीपासून दूर जायचे होते, त्याच्या दाराशी दिल्लीच येऊन बसली.

आणि गावाचे काय? श्रोतेहो, गावाने तर आपले नावच गमावले. बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचे शेगाव आहे, रेल्वेच्या मोठ्या मार्गावरचे. गांधीजींची टपाले तिकडे जाऊ लागली. रोजचा पत्रांचा ढीग, त्यात हा घोटाळा. अखेर १९४० साली आपल्या शेगावचे नाव बदलून ‘सेवाग्राम’ झाले. नाव सुंदर आहे, अर्थपूर्ण आहे. पण विचार करा, बाहेरचा एक पाहुणा गावात राहायला येतो आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे गावाचे नाव बदलून जाते! यात पाहुण्याचा दोष नाही, गावाचाही नाही. हे कीर्तीचे काम.

कीर्तीची किंमत भोवतालची माणसेही मोजतात. महादेवभाई देसाई हे गांधीजींचे चिटणीस. गांधीजी शेगावला गेले तेव्हा ते वर्ध्याला मगनवाडीत राहत. टपाल आणि कागदपत्रे घेऊन ते रोज पायी शेगावला जात आणि परत येत. जाऊन-येऊन दहा-अकरा मैलांची चाल झाली. कधी दिवसातून दोनदा. वर्ध्याचा मे महिना ज्यांनी अंगावर घेतला आहे त्यांना मी वेगळे सांगायला नको. १९३८ मध्ये त्यांची प्रकृती ढासळली. १५ ऑगस्ट १९४२ रोजी आगाखान पॅलेसमध्ये, कैदेतच, वयाच्या पन्नासाव्या वर्षी ते गेले.

आणि घरचे दुःख? गांधीजींचे थोरले चिरंजीव हरिलाल बापाशी दुरावले होते, व्यसनात सापडले होते. १९३६ च्या मे महिन्यात, म्हणजे शेगावला येऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, त्यांनी धर्म बदलल्याची बातमी वर्तमानपत्रांत गाजली. मनापासून धर्म बदलला असता तर आपले काही म्हणणे नव्हते, असे गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये लिहिले, त्यांची शंका मुलाच्या हेतूबद्दल आणि वर्तनाबद्दल होती. तुमच्या-माझ्या घरात मुलगा वाट चुकला तर आपण दार लावून रडतो. त्या बापाला जाहीर खुलासा लिहावा लागला. त्या आईचे अश्रूही चव्हाट्यावर आले. आणि मुलाने तरी काय करावे? साऱ्या देशाचा बाप तो माझ्या वाट्याला किती, हा प्रश्न त्याने विचारला असेल तर त्याला काय उत्तर द्यायचे?

आपल्या जिल्ह्यात दुसरेही एक उदाहरण आहे, पवनारचे. विनोबांनी कीर्ती टाळण्याचा आयुष्यभर प्रयत्न केला. गांधीजींनी त्यांची स्तुती केलेले एक पत्र आले, ते विनोबांनी वाचून फाडून टाकले, अशी आठवण कमलनयन बजाज सांगत. १७ ऑक्टोबर १९४० रोजी ते पवनारला पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले, तेव्हा हे विनोबा कोण, हे गांधीजींना लेख लिहून देशाला सांगावे लागले. पुढे १९५१ पासून भूदान आले आणि कीर्तीने त्यांनाही गाठले. २५ डिसेंबर १९७४ पासून त्यांनी वर्षभराचे मौन धरले. मध्येच १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली. मौनातल्या विनोबांनी लिहून दाखवलेला ‘अनुशासनपर्व’ हा एक शब्द सरकारी प्रचारात सर्वत्र झळकला. मौन सुटल्यावर विनोबांनी सांगितले की सत्ता करते ते शासन आणि आचार्य देतात ते अनुशासन. पण तोवर तो शब्द गावोगाव जाऊन पोचला होता. प्रसिद्ध माणसाचे बोलणे तर त्याचे राहत नाहीच, त्याचे मौनसुद्धा त्याचे राहत नाही.

१९४६ च्या ऑगस्टमध्ये गांधीजींनी सेवाग्राम सोडले, ते परत आले नाहीत. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्यांच्या प्रार्थनासभेत बॉम्ब फुटला. येणाऱ्यांची झडती घेऊ, असे सरकारने सुचवले. गांधीजींनी नकार दिला. प्रार्थनेला येणाऱ्याची झडती कसली? दहा दिवसांनी, ३० जानेवारीला, दर्शनाला उभ्या असलेल्या लोकांतूनच मारेकरी नमस्काराच्या निमित्ताने पुढे आला. हरिद्वारच्या घाटावर ज्या दर्शनाचा त्यांना त्रास झाला, त्याच दर्शनाच्या गर्दीत त्यांचा अंत झाला.

तात्पर्य काय? कीर्ती वाईट, असे मला म्हणायचे नाही. त्या कीर्तीमुळेच स्वराज्याचा निरोप खेड्यापाड्यात पोचला. सही मागणाऱ्याकडून गांधीजी हरिजन फंडासाठी पाच रुपये घेत. कीर्तीलाही त्यांनी कामाला जुंपले होते. माझे म्हणणे आपल्यासाठी आहे. मोठ्या माणसावर ओझे टाकणारे हात आपले असतात. शेगावात झाडू हातात घेणे अवघड होते, पाया पडणे सोपे होते. म्हणून पाया पडणारे पुष्कळ आणि झाडू घेणारे थोडे. दर्शन घेतले की आपल्याला वाटते, आपले कर्तव्य संपले.

हे आपल्या गावातही चालते. एखादा गुरुजी मन लावून शिकवतो. आपण त्याचा सत्कार करतो, शाल देतो. मग दुसरे गाव बोलावते, तिसरे बोलावते. गुरुजी व्यासपीठावर आणि वर्ग रिकामा! त्या गुरुजीवर खरे प्रेम असेल तर आपले मूल वेळेवर शाळेत पाठवावे आणि गुरुजीला वर्गात राहू द्यावे.

यंदा सेवाग्रामला मुलांनी कुटीसमोर उभे राहून एकमेकांचे फोटो काढले. मी त्यांना अडवले नाही. फक्त एवढे सांगितले की फोटो झाल्यावर पाच मिनिटे इथे गप्प बसा. जो निवांतपणा या माणसाला आपल्या लोकांनी कधी दिला नाही, तो निदान त्याच्या खोलीला द्या. मुले बसली. बाहेर पाखरांचा तेवढा आवाज होता.